शाल-नारळ राहू द्या, सिकेटर (छाटणीची कात्री) द्या : गावची झाडं जगवणाऱ्या हॉर्टिकल्चरच्या पोरापोरींचा सत्कार कसा करायचा

आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषद 'क' वर्ग, म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीतली. तीन बागा, एक रोड डिव्हायडर, स्मशानभूमीचं आवार आणि नदीकाठचा एक पट्टा, एवढीच काय ती हिरवाई. जवळच हॉर्टिकल्चरचं, म्हणजे उद्यानविद्येचं, कॉलेज आहे, तिथली पोरं काही वर्षांपासून आमच्याकडे झाडांचं काम करतात आणि त्यांच्या सत्काराचं काम फिरून फिरून माझ्याच गळ्यात पडतं. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल. जुलैत वृक्षारोपण झालं, १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्या झाल्या सत्कार उरकला, ३२ पोरांना शाल, श्रीफळ आणि सोनेरी प्लास्टिकची ट्रॉफी, ट्रॉफीवर 'वृक्षमित्र'मधला 'क्ष'च गायब, सगळ्या ३२ ट्रॉफ्या 'वृमित्र'. भाषणं पाऊण तास. पुढच्या मे महिन्यात मोजायला गेलो तर १२० रोपांपैकी ३७ उभी, तीही बरीचशी चहाच्या टपरीमागची, कारण टपरीवाला कपबशा विसळलेलं पाणी तिकडं ओतायचा. त्याला कुणी शाल दिली नव्हती.

तेव्हापासून आमचा नियम एकच, सत्कार उन्हाळा काढल्यावर. पावसाळ्यात लावलेलं रोप कुणाचंही जगतं हो, आमच्या देशावर ऑक्टोबरात पाऊस गेला की खरी परीक्षा सुरू. खाली जे लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे, तुमच्या गावात करायचं असेल तर जसंच्या तसं उचला नाहीतर आपल्या सोयीनं बदला.

आधी पोरं कोण आहेत ते बघा

'हॉर्टिकल्चरची मुलं' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर बीएस्सीवालेच येतात. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, त्यांच्या हाताखाली उद्यानविद्येची सरकारी आणि खासगी कॉलेजं, चार वर्षांची डिग्री. शेवटच्या वर्षात ही पोरं ग्रामीण कार्यानुभवाला खेड्यात जातात, पेपरात 'उद्यानदूत', 'उद्यानकन्या' असं छापून येतं ती हीच. पण ते काम खेड्यात असतं, शेतकऱ्याच्या बांधावर, शहराच्या बागेतलं काम त्यात आपोआप धरलं जात नाही. त्यामुळे तुमच्या गावातलं काम त्यांच्या कुठल्या खात्यात जमा होणार हे पहिल्यांदा कॉलेजला जाऊन विचारा. सगळ्यात सोपा रस्ता एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, त्यात वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटलात तर बागेतले तास त्यात बसवायला बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

बीएस्सी सोडून अजून दोन प्रकारची पोरं असतात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक कृषी तंत्र विद्यालयातली पदविकेची, दहावीनंतर आलेली, आणि दुसरी माळी प्रशिक्षणाची. माळी कोर्सचं पोरगं म्हणजे हाताला काम माहीत असलेलं, खुरपं धरायची ढबच वेगळी. आमच्याकडे सलग दोन वर्षं सगळ्यात जास्त झाडं जगवली ती माळी कोर्सच्या पोरांनी आणि स्टेजवर मात्र बीएस्सीचे पुढे, हे मागे. असलं होऊ देऊ नका. यादी एकच करा, कोर्सचं नाव शेवटच्या रकान्यात.

दहावीनंतरची पोरं १६-१७ वर्षांची असतात, म्हणून फोटो छापायची, व्हॉट्सॲपवर टाकायची परवानगी आईवडिलांकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. पोरींचे मोबाईल नंबर कुठल्याही ग्रुपवर यादी म्हणून फिरवू नका, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

नगरपरिषदेला सोबत घ्या, पण कागदावर

जागा नगरपरिषदेची, झाडं नगरपरिषदेची, मग मुख्याधिकाऱ्यांचं पत्र पाहिजेच. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं, वृक्ष अधिकारी असतो, आणि झाड तोडायलाच काय, मोठी छाटणी करायलाही परवानगी लागते. पोरं उत्साही असतात, कॉलेजात छाटणी शिकलेली असतात, आडवी आलेली फांदी दिसली की हात शिवशिवतात. एकदा परवानगी नसताना गुलमोहराची मनगटाएवढी फांदी उतरवली गेली आणि शेजारच्या बंगल्यातल्या काकूंनी सरळ तक्रार ठोकली, काकूंचं बरोबरच होतं. तेव्हापासून पत्रात लिहूनच घेतो : करंगळीएवढ्या जाडीपर्यंतची छाटणी पोरांनी करायची, त्यापुढची वृक्ष अधिकाऱ्यांना कळवायची. शिडीवर चढायचं नाही, विजेच्या तारेखालच्या झाडाला हात लावायचा नाही, ते महावितरणचं काम.

मुख्याधिकारी म्हणतील, आम्हाला यातून काय? त्याचं उत्तर तयार ठेवा. २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान चालतं, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पंचतत्त्वांवर गावांना गुण मिळतात, त्यातल्या भूमीमध्ये झाडं येतात. पोरांनी ठेवलेली नोंदवही, दर महिन्याचे फोटो, जगलेल्या झाडांचा आकडा, हे सगळं नगरपरिषदेला आयतं मिळतं. वर कायद्यानं दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, तिथंही ही पोरं उपयोगी पडतात, ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं २०२१ पासून हेरिटेज म्हणून धरतात, त्यांची यादी करायला झाडं ओळखणारं माणूस लागतंच. हे बोललात की साहेब खुर्ची पुढे ओढतात असा माझा अनुभव.

खर्चाचं म्हणाल तर घरपट्टीच्या बिलात 'वृक्ष कर' असा रकाना बघितला असेल, तो पैसा झाडांसाठीचा. अवजारं, रोपं त्यातून होतात का हे लेखा विभागाला आधीच विचारा, मार्चमध्ये नको, मार्चमध्ये तिथं कुणी कुणाचं नसतं.

काय मोजायचं

आम्ही १०० गुण ठरवलेत. ४० जगलेल्या झाडांना, २५ नोंदवहीला, २० कामाच्या दर्जाला आणि १५ आजूबाजूच्या लोकांना जोडून घेतल्याबद्दल. शेवटचे १५ बघून काहींनी नाकं मुरडली, पण ज्या पोरीनं समोरच्या मेडिकलवाल्याला रोज एक बादली पाणी घालायला तयार केलं तिची झाडं ती परीक्षेला गेल्यावरही जगली.

आता जगलेली झाडं मोजताना एक घोळ होतो. बागेत बोअर आहे, कुंपण आहे, माळी आहे. डिव्हायडरवर खाली खडी आणि डांबराचे तुकडे, वर धूर, रात्री मोकाट गुरं. दोघांना एकच फूटपट्टी लावली की बागवाले दरवर्षी पहिले. म्हणून लावणीच्या आधीच जागा ठरवून टाकायच्या, सोपी, मध्यम, अवघड, आणि जगण्याच्या टक्क्यांना अनुक्रमे एक, सव्वा आणि दीडनं गुणायचं. उदाहरणार्थ बागेत २० पैकी १४ जगली, म्हणजे ७० टक्के, गुणिले एक, तेवढेच ७०. डिव्हायडरवर २० पैकी १० जगली, ५० टक्के, गुणिले दीड, ७५. डिव्हायडरवाला पुढे. १०० च्या वर गेलं तर १०० च धरायचे. जागा कुठली अवघड हे नंतर ठरवू नका हां, निकालाच्या वेळी सगळ्यांचीच जागा अवघड होते.

एका गटाला किती झाडं? चार पोरांना २० ते २५. यापेक्षा जास्त दिलीत तर उन्हाळ्यात बादल्या वाहून पोरं पळून जातील.

कामाचा दर्जा बघताना आम्ही या गोष्टी बघतो. रोप लावताना काळी पिशवी पूर्ण काढली होती का, हे मेलेलं रोप उपटलं की कळतं, अर्धी पिशवी तशीच आणि मुळं आत गोल गोल गुंडाळलेली. आधाराची काठी आहे का आणि ती कशानं बांधलीये, सुतळीनं इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास असेल तर उत्तम, बाइंडिंग वायरनं करकचून बांधली असेल तर गुण कापा, वर्षभरात ती तार सालीत रुतते आणि पहिल्या वादळात झाड तिथंच मोडतं. आळं खोडाला चिकटून आहे की फांद्यांच्या घेराएवढं, पाणी खोडापाशी साचतंय का. आच्छादन म्हणून पालापाचोळा टाकलाय की जाळलाय. जाळला असेल तर त्या गटाशी मी दोन दिवस बोलत नाही. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणूनचा लेप, लावलीये का, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पोरांना हे प्रमाण पाठ असतं, प्रत्यक्षात करताना मोरचूद लोखंडी बादलीत भिजवतात आणि बादली खराब होते, प्लास्टिकचीच घ्या.

नोंदवही, सगळ्याचा पाया

दोनशे पानी साधी वही, गटाला एक. प्रत्येक झाडाला नंबर आणि एक पान. पानावर झाडाचं नाव, लावल्याची तारीख, उंची, आणि मग महिन्याला निदान दोन नोंदी. मोबाईल ॲपमध्ये करू म्हणणारे असतात, करू दे, पण वही पाहिजेच, कारण पोरं पास होऊन जातात, मोबाईल त्यांच्याबरोबर जातो.

चांगली नोंद कशी असते ते दाखवतो. गेल्या वर्षीच्या एका वहीतली, अक्षर एकदम किरटं :

"करंज क्र. १४. रात्री गाईने शेंडा खाल्ला, वरचे ९ इंच गेले. खाली दोन डोळे फुगलेत. ट्री गार्डचा खालचा बोल्ट नाही, तारेने बांधला. पुढच्या वेळी बघणे : कोणता डोळा ठेवायचा."

आणि बारा दिवसांनी : "क्र. १४. उत्तरेकडचा ठेवला, दुसरा काढला. सरळ जातोय."

(डोळा म्हणजे खोडावर नवीन फूट येते ती जागा.) हे वाचून मला कळतं की पोरगं झाडापाशी उभं होतं, नुसतं 'झाड व्यवस्थित आहे' अशी वीस पानं भरली असतील तर ती एका संध्याकाळी होस्टेलवर बसून लिहिलेली असतात, शाईसुद्धा एकच.

महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, एकाच जागेवर उभं राहून, एकाच दिशेनं फोटो. जीपीएस मॅप कॅमेरा हे मोबाईल ॲप सगळ्यांकडे असतंच, जागा-तारीख फोटोवर येते. जागा विसरू नये म्हणून आम्ही फुटपाथवर ऑइल पेंटनं दोन पावलं काढली, आता शाळेची पोरं तिथं उभी राहून उगाच फोटो काढतात.

सगळ्यात महत्त्वाचं, मेलेलं झाडही वहीत राहिलं पाहिजे. लपवालपवी कशी होते माहितीये का, रोप मेलं की रात्रीत त्याच जातीचं दुसरं आणून लावायचं. एका गटानं सहा रोपं अशी बदलली, पकडले गेले कारण नवीन रोपं जुन्यापेक्षा फूटभर मोठी. दुसऱ्या एका गटाची २४ पैकी ११ मेली, पण अकराही पानांवर कारण होतं, चार वाळवीनं, तीन क्रिकेटच्या बॉलनं, दोन ठिकाणी खाली जुन्या बांधकामाचा चुना निघाला, एक कार मागे घेताना गेलं, एकाचं 'कारण कळलं नाही, मुळं ठीक होती'. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस यांना दिलं, थोडा आरडाओरडा झाला. पण पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात कुठं खड्डा घ्यायचा नाही, कुठं निंबोळी पेंड टाकायची हे आम्हाला त्या वहीवरूनच कळलं, तेव्हा नोंदवहीचे २५ गुण दिल्याचं सार्थक झालं.

पाहणी कुणी करायची आणि कधी

तीन माणसं पुरे. एक जाणकार, निवृत्त कृषी अधिकारी किंवा दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक (त्याच कॉलेजचे नकोत). दुसरा नगरपरिषदेचा माळी, हा पाहिजेच पाहिजे. तिसरं त्या बागेत रोज फिरायला येणारं कुणीतरी, आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांना कुठलं पोरगं किती वाजता येतं आणि कोण नुसतं सेल्फी काढून जातं हे सगळं माहीत. नगरसेवकांना समारंभाला बोलवा, पाहणीला नको, त्यांचीही त्यात अडचणच होते.

फेऱ्या तीन. ऑक्टोबरच्या शेवटी, फेब्रुवारी अखेर आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या दोन फेऱ्या सांगून, तिसरी न सांगता.

फेब्रुवारीच्या फेरीत नवखे परीक्षक एक चूक करतात. पानगळीची झाडं तेव्हा काड्या होऊन उभी असतात, ताम्हण, पळस, पांगारा, आणि हे लिहितात 'मृत'. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल आणि त्यालाच मयत ठरवून मोकळे! नखानं साल हलकेच खरवडायची, खाली हिरवं ओलसर दिसलं की जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं की थोडं खाली खरवडून परत बघायचं. वरून मेलेलं आणि बुडातून फुटणारं झाड आम्ही जिवंत धरतो, पण वहीत तशी नोंद पाहिजे.

एप्रिल-मेचं काय

इथं सगळ्या योजना बोंबलतात. परीक्षा आल्या, मग सुट्टी, पोरं गावाला गेली आणि ऊन ४२ वर. आता झाड जगलं तर श्रेय कुणाचं? मी याच्यावर बराच डोक्याला ताप करून घेतलाय आणि शेवटी असं ठरवलं : पोरांनी जायच्या आधी 'पाण्याची जोडी' लावून द्यायची. म्हणजे प्रत्येक चार-पाच झाडांमागे एक दुकान, घर किंवा टपरी, आठवड्यातून दोनदा एकेक बादली, वहीत त्यांचं नाव. जिथं वस्तीच नाही, उदाहरणार्थ स्मशानभूमी, तिथं नगरपरिषदेच्या टँकरची फेरी पत्रात आधीच लिहून घ्यायची, वार आणि वेळेसकट, कारण 'आवश्यकतेनुसार टँकर' म्हणजे टँकर येणार नाही. सोबत जाड आच्छादन आणि झाडाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरायचं, भरलं की हळूहळू झिरपत राहतं.

आणि ज्या दुकानदारानं पाणी घातलं त्याचंही नाव सत्कारात घ्यायचं, पोरांच्याच तोंडून. टपरीवाल्याचं कर्ज आम्ही असं फेडलं.

द्यायचं काय

एका पोराला विचारलं होतं, तुला काय दिलं असतं तर आवडलं असतं? तो म्हणाला, "काका, कॉलेजात आठ जणांत एक सिकेटर असतं, त्याला पण धार नसते." झालं. तेव्हापासून शाल, ट्रॉफी बंद.

पहिल्या तीन गटांतल्या प्रत्येकाला चांगलं सिकेटर, बायपास प्रकारचं, म्हणजे कात्रीसारखी पाती एकमेकांवरून सरकणारं, अॅन्व्हिलवालं, म्हणजे एक पातं सपाट पट्टीवर आपटणारं, नको, ते ओली फांदी चेंगरतं. बाकी सगळ्यांना कलमाचा चाकू. वैयक्तिक चांगल्या नोंदीसाठी खिशातलं भिंग, ज्याच्यानं पानामागची कोळी, मावा असली बारीक कीड दिसते. अवजारावर नाव कोरून द्या, होस्टेलवर अदलाबदल होते. रोख रक्कम द्यायची असेल तर थेट खात्यावर, स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा चेक वगैरे नको, पोरं त्यावरून वर्षभर एकमेकांना चिडवतात.

पण खरी किमतीची गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट, आणि तिथंच सगळे हलगर्जीपणा करतात. 'पर्यावरण संवर्धनात मोलाचे योगदान दिल्याबद्दल' हे वाक्य तुम्ही कुणालाही देऊ शकता, म्हणून नोकरीच्या इंटरव्ह्यूत त्याला कुणी विचारत नाही. आमचा मजकूर असा असतो :

"कु. ____ यांनी जुलै ते मे या काळात नदीकाठच्या पट्ट्यातील करंज, बहावा व कांचन अशा २४ रोपांची गटात राहून देखभाल केली. मे अखेरच्या पाहणीत त्यांपैकी १५ रोपे जिवंत आढळली. आळी करणे, आच्छादन, आधारकाठ्या बदलणे व वाळवी नियंत्रण ही कामे त्यांनी स्वतः केली. कामाचे तास : ९६."

खाली मुख्याधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक नसेल तर तो नुसता रंगीत कागद. दोन प्रती काढा, एक कॉलेजच्या फाइलला. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे, आधी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि छापायच्या आधी प्रूफ त्यांनाच वाचायला द्या. 'वृमित्र' परत नको.

जमलं तर अजून एक करा, पावसाळ्यात रोपवाटिकेचं दोन महिन्यांचं पगारी काम पहिल्या गटातल्या कुणाला तरी. नगरपरिषदेला जमत नसेल तर गावातले नर्सरीवाले तयार होतात, त्यांना वही दाखवा फक्त.

बागेत नावाची पाटी लावायची हौस असेल तर लावा, पण झाडाला खिळा ठोकून नाही. कडप्प्याचा तुकडा घ्या, झाडाचं नाव मोठं, पोरांची नावं खाली बारीक, जमिनीत तिरका रोवा. पुढाऱ्याचं नाव त्यावर घालायचा आग्रह होईल, तेव्हा म्हणायचं दगड लहान आहे.

समारंभ

तारीख ५ जून किंवा १ जुलै. ५ जूनला पर्यावरण दिन, पाहणी नुकतीच झालेली असते, पण पोरं सुट्टीवर असू शकतात. १ जुलै कृषी दिन, वसंतराव नाईकांची जयंती, कॉलेज सुरू झालेलं असतं आणि नवीन बॅचही हजर असते, म्हणून आम्ही हा धरतो. कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक बघूनच पक्कं करा.

जागा हॉलमध्ये नाही, बागेत, सकाळी साडेसातला. खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांना. सगळ्यांनी आधी झाडांपाशी फिरायचं, प्रत्येक गटातल्या एकानं आपल्या एका झाडाबद्दल दोन मिनिटं बोलायचं, जगलेल्या किंवा मेलेल्या. एका पोरीनं मेलेल्या बहाव्याबद्दल सांगितलं, कसं तिनं रोज पाणी घालून घालून मुळं कुजवली, जास्त पाण्यानं, आणि पाहुण्यांपैकी निम्म्या लोकांनी घरी जाऊन आपल्या कुंड्या बघितल्या असणार. पाहुणे एकच, भाषण पाच मिनिटं, हे निमंत्रण देतानाच प्रेमानं सांगायचं. सूत्रसंचालकाला नावांचा उच्चार आदल्या दिवशी विचारून घ्यायला लावा, पाड्यावरून, तांड्यावरून आलेल्या पोरांची आडनावं माइकवर चुकीची गेली की त्यांचे आईवडील पहिल्या रांगेत मान खाली घालतात, मी बघितलंय.

हार-बुके नकोत. फ्लेक्स लावलाच तर दोन बांबूंवर, झाडाला दोरीनं नाही. नाष्ट्याला पोहे, चहा कपबशीत, विसळलेलं पाणी कुठं टाकायचं ते आता सगळ्यांना माहीत आहे.

नगरपरिषदेच्या माळ्यालाही त्याच रांगेत उभं करून सिकेटर द्या. वर्षभर पोरांच्या चुका त्यानंच निस्तरलेल्या असतात.

बातमी तुम्हीच लिहून द्या, वार्ताहर नाहीतर पाहुण्यांची नावं छापतात आणि 'विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते' असं म्हणून मोकळे होतात. पहिल्या वाक्यात किती झाडं किती जगली, दुसऱ्यात पोरांची नावं, पाहुणे शेवटी. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात.

वही पुढच्यांच्या हातात

समारंभातच, सगळ्यात शेवटी, जुना गट नवीन गटाला वही देतो. नुसती हातात द्यायची नाही, दोन्ही गटांनी मिळून वीस-पंचवीस झाडांपाशी जाऊन यायचं, एकेक पान उघडून. याला तास जातो, तोपर्यंत पाहुणे गेलेले असतात ते बरंच. नवीन पोरांनी विचारायचं, जुन्यांनी सांगायचं, इथं गाय कुठून येते, हा काका पाणी देतो पण रविवारी दुकान बंद, क्र. ९ ला काठी बदलायची आहे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घाला, १ जुलैला पाऊस हमखास असतो.

गेल्या वर्षी वही देताना त्या किरट्या अक्षरवाल्या पोरानं नवीन पोराला करंज क्र. १४ पाशी उभं केलं आणि म्हणाला, उत्तरेकडचा आहे, दुसरा परत फुटला तर काढ, पण खरवडून बघ आधी. नवीन पोरानं विचारलं, सिकेटर कुठंय? यानं नाव कोरलेलं स्वतःचं दिलं, आणि लगेच म्हणाला, "परत पाहिजे हां."